'इन्स्टॉल झालं' म्हणजे नेमकं काय झालं?

मागच्या व्याख्यानात आपण पायथनमधून एखाद्या वेबसाइटशी बोलायचं कसं, विनंती पाठवायची कशी आणि आलेलं उत्तर वाचायचं कसं, हे पाहिलं. त्या ओघात आम्ही सहज म्हणून गेलो, की 'आधी रिक्वेस्ट्स ही लायब्ररी इन्स्टॉल करून घ्या'. एका वाक्यात विषय उरकला. त्यानंतर तुमच्याकडून जे प्रश्न आले, त्यांतले बहुतेक त्या एका वाक्याबद्दलच होते. कुणाच्या घरी इन्स्टॉल होते, कॉलेजात होत नाही. कुणाला 'यशस्वी' असा संदेश येतो, पण स्क्रिप्ट चालवली की 'असं मॉड्यूलच नाही' म्हणून एरर. कुणाचं कालपर्यंत चालत होतं. तेव्हा आज ठरवलेला विषय बाजूला ठेवू आणि त्या एका वाक्याकडेच नीट बघू.

एक खुलासा आधीच करतो. आज्ञा आम्ही इथे उच्चाराप्रमाणे सांगणार आहोत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

सुरुवात आमच्याच एका फजितीपासून करू. एका छोट्या संस्थेसाठी आम्ही एक स्क्रिप्ट लिहिली होती. रोज पहाटे ती एका वेबसाइटवरून बाजारभावांची फाइल उतरवून घ्यायची आणि संस्थेच्या दुसऱ्या एका सर्व्हरवर लॉगिन करून तिथे ती चढवायची. म्हणजे तिच्या हातात एक पासवर्ड होता. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. मशीनवर सेंटओएस ७, आणि त्यावर पायथन ३.८ आम्हीच सोर्सवरून तयार करून घेतलेलं. काही वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मे २०२३ मध्ये त्या मशीनची डिस्क बदलावी लागली. स्क्रिप्टची प्रत होती, पायथन पुन्हा उभं केलं, मग नेहमीची आज्ञा दिली: 'पायथन३ डॅश एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स'. पडद्यावर भराभर ओळी सरकल्या आणि शेवटी 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' अशी ओळ आली. आम्ही चहाला गेलो. परत येऊन स्क्रिप्ट चालवली, तर पहिल्याच ओळीवर, म्हणजे 'इम्पोर्ट रिक्वेस्ट्स' वरच, आपटली. एररचा आशय असा: यूआरएललिब३ च्या दुसऱ्या आवृत्तीला ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढचं लागतं, आणि तुमच्याकडे आहे १.०.२के, तारीख २६ जानेवारी २०१७.

आता गंमत बघा. आम्ही यूआरएललिब३ मागितलंच नव्हतं. ओपनएसएसएलचं तर नावही घेतलं नव्हतं. मागितलं होतं रिक्वेस्ट्स. आणि पिप म्हणतो यशस्वी, पायथन म्हणतं अयशस्वी. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. ते समजण्यासाठी आधी हे बघू, की रिक्वेस्ट्स मागितल्यावर घरात येतं काय. एक नाही, पाच पाहुणे येतात. स्वतः रिक्वेस्ट्स, म्हणजे आपण जिच्याशी बोलतो ती दर्शनी बाजू. तिच्यामागे यूआरएललिब३, जी प्रत्यक्ष जोडणी उघडते, सांभाळते, तुटली तर पुन्हा प्रयत्न करते. खरं कष्टाचं काम हिचं. (नावातला ३ हा आवृत्तीचा आकडा नाही, आणि पायथन ३ चाही नाही. त्यामुळे 'यूआरएललिब३ ची आवृत्ती २' असं चमत्कारिक वाक्य बोलावं लागतं. नाव ठेवणाऱ्यांना तेव्हा कल्पना नसावी.) तिसरी सर्टिफाय, म्हणजे कोणत्या प्रमाणपत्र-संस्थांवर विश्वास ठेवायचा त्यांची यादी. चौथी आयडीएनए. ही इंग्रजीबाहेरच्या लिपीतली डोमेन-नावं यंत्राला चालतील अशा अक्षरांत बदलते. '.भारत' ने संपणारा देवनागरी पत्ता पायथनमधून उघडता येतो, त्यात हिचा वाटा आहे. पाचवी चारसेट-नॉर्मलायझर, आलेला मजकूर कोणत्या अक्षरसंकेतात आहे याचा अंदाज बांधणारी. जुन्या आवृत्त्यांत तिच्या जागी चारडेट नावाची लायब्ररी होती.

या पाचही गोष्टी पिप आणतो. पण या पाचांच्या खाली अजून एक थर आहे, जो पिप आणत नाही: ओपनएसएसएल. 'एचटीटीपीएस' मधल्या त्या शेवटच्या 'एस' चं, म्हणजे गुप्ततेचं आणि ओळख तपासण्याचं काम ही सी भाषेतली लायब्ररी करते. पायथनचं 'एसएसएल' नावाचं मॉड्यूल ती वापरतं, आणि कोणती वापरायची हे पायथन तयार होतानाच ठरून जातं. तुम्ही विंडोजवर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून इन्स्टॉलर घेतलात तर ओपनएसएसएल त्यासोबतच येतं. लिनक्सवर सहसा सिस्टिमचं घेतलं जातं. सेंटओएस ७ चं होतं १.०.२के.

प्रत्येक पॅकेजवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते: मला पायथनची अमुक आवृत्ती चालते, सोबत अमुक अमुक पॅकेजं लागतात. पिप ती चिठ्ठी वाचतो आणि निवड करतो. पण 'ओपनएसएसएल कोणतं लागेल' हे काही पिप त्या चिठ्ठीत बघत नाही. पिपने विचारलं, पायथन ३.८ आहे का? आहे. यूआरएललिब३ च्या दुसऱ्या आवृत्तीला ते चालतं का? चालतं. मग घ्या. फाइली योग्य फोल्डरमध्ये उतरवल्या, आणि 'यशस्वी' म्हणून मोकळा झाला. त्याच्या बाजूनं ते खरंच होतं. चालेल की नाही याची हमी त्यानं कधी दिलीच नव्हती, आपण गृहीत धरली होती.

यूआरएललिब३ ची दुसरी आवृत्ती एप्रिल २०२३ च्या अखेरीस आली, आणि रिक्वेस्ट्सने ती मे महिन्यात, २.३० या आवृत्तीपासून, स्वीकारायला सुरुवात केली. आमची डिस्क नेमकी त्याच महिन्यात गेली. महिनाभर आधी गेली असती तर हे व्याख्यान झालं नसतं.

तात्पुरता उपाय सोपा होता. पिपला सांगायचं की यूआरएललिब३ दोनच्या खालचीच घे. पण इथेही एक खड्डा आहे. 'यूआरएललिब३ पेक्षा-लहान २' हे अवतरणचिन्हांत लिहायचं. अवतरणाशिवाय लिहिलंत तर 'पेक्षा लहान' चं चिन्ह पिपपर्यंत पोचतच नाही. शेल त्याचा अर्थ 'इनपुट या फाइलमधून वाच' असा घेतं, आणि '२' नावाची फाइल शोधायला लागतं. मग 'अशी फाइल नाही' अशी तिसरीच एरर येते आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. आम्ही एकदा दहा मिनिटं बसलो होतो.

हा उपाय चुकीचा नव्हता, कारण यूआरएललिब३ च्या १.२६ मालिकेला त्यानंतरही काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत होत्या. पण तो उसना वेळ होता. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला.

'त्यापेक्षा पायथनच नवं घ्यायचं ना' असं इथे कुणाच्या तरी मनात आलं असेल. आमच्याही आलं होतं. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ सक्तीचं आहे. जुन्या मशीनवर ३.१० सोर्सवरून तयार करायला घेतलंत, तर ते तयार होतं. थांबत नाही. फक्त एसएसएल मॉड्यूल वगळून तयार होतं, आणि ते सांगणारी ओळ शेकडो ओळींच्या गर्दीत निघून जाते. मग पिप चालवलात की तो म्हणतो, मला टीएलएसची गरज आहे आणि तुमच्या पायथनमध्ये ते उपलब्धच नाही. खालचा थर बदलल्याशिवाय वरचा बदलून उपयोग नाही.

जाता जाता: ३.१० म्हणजे तीन पॉइंट दहा. ते ३.९ च्या नंतरचं आहे. दशांश अपूर्णांक नाही. हे सांगायची गरज वाटू नये, पण काही कॉन्फिगरेशन फाइलींत अवतरणाशिवाय ३.१० लिहिलं तर यंत्रसुद्धा त्याचं ३.१ करून टाकतं. यंत्र फसतं तिथे माणसाला काय दोष द्यायचा.

आता दुसरी गाठ, आणि ही आम्हाला सगळ्यात मजेशीर वाटते. पिप इंटरनेटवरून पॅकेज आणतो कसा? त्यालाही नेटवर्क लायब्ररी लागणारच. ती कोणती? तर रिक्वेस्ट्सच. पिपच्या पोटात रिक्वेस्ट्स, यूआरएललिब३ आणि सर्टिफाय यांच्या स्वतःच्या प्रती आहेत. त्या आपल्या स्क्रिप्टला दिसत नाहीत, फक्त पिप वापरतो. म्हणजे रिक्वेस्ट्स आणायला रिक्वेस्ट्स लागते. विहिरीत पडलेली बादली काढायला दुसरी बादली सोडून भागत नाही, गळ लागतो, तशातली गत.

एरवी हे कळतही नाही. पण पायथनच्या पॅकेजांचं जे केंद्रीय भांडार आहे, पायपीआय, त्यानं २०१८ च्या मध्यास टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद केल्या. कारण योग्य होतं, त्या कमकुवत ठरल्या होत्या. पण त्या दिवशी जगभरातल्या अनेक जुन्या मशीनवरचे पिप मुके झाले. त्यांचं ओपनएसएसएल इतकं जुनं, की टीएलएस १.२ बोलताच येत नव्हतं. पिप अद्ययावत करा म्हणावं, तर नवा पिप आणायचा कुठून? पायपीआयवरूनच. आणि पायपीआय तर दार उघडत नाही. अशा वेळी गळ म्हणजे दुसरं मशीन आणि पेनड्राइव्ह. त्याकडे येतो.

प्रश्न: सर, माझ्याकडे जुनं पायथन आहे. त्यावर सगळ्यात नवी रिक्वेस्ट्स चालेल का?

चांगला प्रश्न. लोकांना वाटतं की जितकं नवं तितकं चांगलं, आणि पिपला आकडा न सांगता सोडून दिलं की तो योग्य तेच आणेल. पिप ९ किंवा त्यापुढचा असेल, तर बऱ्याच अंशी हे खरं आहे. पिप ९ हा २०१६ च्या शेवटी आला, आणि तेव्हापासून तो चिठ्ठीवरची पायथनची अट पाळतो. त्याआधीचा पिप ती वाचतच नाही. सगळ्यात नवं गाठोडं उचलतो आणि मग आपटतो. त्यामुळे जुन्या मशीनवर पहिली आज्ञा इन्स्टॉलची नाही, 'पायथन डॅश एम पिप डॅश डॅश व्हर्जन' ही.

ढोबळ हिशेब असा. पायथन २.७ आणि ३.६ साठी रिक्वेस्ट्सची शेवटची आवृत्ती २.२७.१, जानेवारी २०२२ ची. ३.७ साठी २.३१. ३.८ साठी २.३२ मालिका. २.७ वाल्यांनी अजून एक गोष्ट जाणून घ्यावी. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पिपने २१ व्या आवृत्तीपासून त्याला सोडलं, आणि सर्टिफायची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती २०२१ ची आहे. म्हणजे तुमची विश्वासाची यादी तिथेच गोठली. तुम्ही काही बदललं नाहीत तरी जग बदलत राहतं.

पण उलट्या दिशेचा घोटाळा लोकांच्या लक्षात येत नाही: जुनी लायब्ररी, नवं पायथन. एखाद्या जुन्या प्रकल्पाच्या फाइलमध्ये पाच-सात वर्षांपूर्वीच्या आवृत्त्या नेमून दिलेल्या असतात. तुम्ही नव्या लॅपटॉपवर पायथन ३.१० घेता आणि त्याच आवृत्त्या बसवता. बसतात. चालवल्यावर एरर येते, की 'कलेक्शन्स' मध्ये 'म्युटेबल-मॅपिंग' नाही. पूर्वी ते तिथे होतं, मग दुसऱ्या जागी हलवलं, बरीच वर्षं जुन्या जागीही राहू दिलं, इशारे दिले, आणि ३.१० मध्ये काढून टाकलं. ३.१२ ने तर अजून साफसफाई केली. 'डिस्टयुटिल्स' गेलं, एसएसएल मॉड्यूलमधलं जुनं 'रॅप-सॉकेट' गेलं. जुन्या यूआरएललिब३ वर ३.१२ मध्ये 'सिक्स डॉट मूव्ह्ज सापडत नाही' अशी एरर येते, ती याच जातीची. अशा एररमध्ये लायब्ररीच्या आतल्या फाइली उघडून दुरुस्त करत बसू नका. काहींनी ते केलेलं आम्ही पाहिलंय. लायब्ररी पुढे न्या, किंवा त्या प्रकल्पापुरतं पायथन मागे न्या.

प्रश्न: इन्स्टॉल झालंय असं दिसतं, तरी 'मॉड्यूल नाही' असंच येतं.

हा तर रोजचा. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: एका पायथनमध्ये बसवलं आणि दुसऱ्यानं चालवलं. लायब्ररी कॉम्प्युटरवर बसत नाही, एका विशिष्ट पायथनच्या फोल्डरमध्ये बसते. शेजारच्या पायथनला तिचा पत्ता नसतो. विंडोजवर तर एकाच मशीनवर तीन-तीन पायथन निघतात. एक तुम्ही घेतलेलं, एक विंडोजच्या स्टोअरचं, एक कुठल्या तरी सॉफ्टवेअरनं सोबत आणलेलं. म्हणून नुसतं 'पिप इन्स्टॉल' म्हणू नका. 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल' म्हणा, म्हणजे ज्या पायथनचं नाव घेतलंत त्याच्याच घरात वस्तू जाईल. विंडोजवर 'पाय' नावाचा लाँचर असेल तर 'पाय डॅश ३.८ डॅश एम पिप' असं आवृत्तीनिशी सांगता येतं. आणि स्क्रिप्ट कुठलं पायथन वापरतेय याची शंका असेल, तर स्क्रिप्टमध्येच दोन ओळी घाला: 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापा, आणि 'एसएसएल डॉट ओपनएसएसएल-व्हर्जन' छापा. पहिलीतून कोणतं पायथन ते कळतं, दुसरीतून त्याच्या खाली काय आहे ते. आम्हाला कुणी एररचा फोटो पाठवला की आम्ही आधी या दोन ओळींचं उत्तर मागतो.

अजून एक बारकी गोष्ट. सराव करताना पुष्कळ जण आपल्या फाइलला 'रिक्वेस्ट्स डॉट पीवाय' असंच नाव देतात. मग पायथन 'इम्पोर्ट रिक्वेस्ट्स' वर लायब्ररी न आणता तुमचीच फाइल आणतं, आणि म्हणतं, हिच्यात 'गेट' नाही. फाइलचं नाव बदला, सुटलं. आणि लायब्ररीच्या नावात शेवटी 'स' आहे, तो विसरू नका. पायपीआयवर कुणीही पॅकेज चढवू शकतं, आणि प्रसिद्ध नावांशी एका अक्षराचा फरक असलेली फसवी पॅकेजं तिथे वेळोवेळी सापडलेली आहेत. टायपिंगची चूक इथे फुकट जात नाही.

लिनक्सवाल्यांसाठी: डेबियन १२ पासून आणि उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही बसवायला नकार देतो. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. ती अडवणूक नाही. सिस्टिमची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात, आणि तुमच्या स्क्रिप्टसाठी यूआरएललिब३ पुढे ढकललंत तर सिस्टिमचं एखादं साधन कोलमडू शकतं. त्याच एररच्या तळाशी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' नावाचा पर्याय सांगितलेला असतो. नावातच अर्थ आहे. तरी लोक तो वापरतात. योग्य वाट म्हणजे प्रत्येक कामाला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट: 'पायथन३ डॅश एम व्हेन्व' आणि पुढे फोल्डरचं नाव. पायथन ३.३ पासून हे सोबतच येतं. मात्र त्याची मर्यादा ओळखा. व्हेन्व पायथनच्या लायब्रऱ्या वेगळ्या करतं, ओपनएसएसएल वेगळं करत नाही. आमच्या त्या मशीनवर दहा व्हेन्व केली असती तरी खाली १.०.२के च राहिलं असतं.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या नेटवर्कवर प्रमाणपत्राची एरर येते. 'व्हेरिफाय इज इक्वल टू फॉल्स' लिहिलं की चालतं. मग त्यात वाईट काय?

आम्ही याचीच वाट बघत होतो. आता त्या पासवर्डकडे येऊ.

मे २०२३ मध्ये ती स्क्रिप्ट पुन्हा उभी करताना आम्ही ती बऱ्याच दिवसांनी ओळ न ओळ वाचली. वरून दहाव्या-बाराव्या ओळीवर आमच्याच हातचं होतं: 'सेशन डॉट व्हेरिफाय इज इक्वल टू फॉल्स'. शेजारी टिप्पणी, 'तात्पुरतं'. तारीख ऑक्टोबर २०२१.

तेव्हा झालं असं होतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट प्रमाणपत्रं देते, आणि प्रचंड संख्येनं वेबसाइट ती वापरतात. तिच्या प्रमाणपत्रांचा माग लावत गेलं की विश्वासाच्या मुळाकडे जाणारे दोन रस्ते होते. एक तिचं स्वतःचं मूळ, आयएसआरजी रूट एक्स-१. दुसरा त्याही पलीकडे जाऊन एका जुन्या मुळाला, डीएसटी रूट सीए एक्स-३ ला, मिळणारा. ते जुनं मूळ ३० सप्टेंबर २०२१ ला कालबाह्य झालं. नवं ओपनएसएसएल आधी आपल्या यादीत बघतं, आयएसआरजी तिथे सापडलं की थांबतं, समाधान मानतं. १.०.२ मात्र सर्व्हरने दाखवलेला रस्ता शेवटपर्यंत चालत जातं. त्या टोकाला मुदत संपलेलं मूळ भेटलं की 'प्रमाणपत्र कालबाह्य' म्हणून परत फिरतं. वेबसाइटचं प्रमाणपत्र मात्र धडधाकट होतं. ब्राउझरमध्ये साइट व्यवस्थित उघडायची, आणि स्क्रिप्ट रडायची.

उपाय काय होता? आपल्या विश्वासाच्या यादीतून ते मेलेलं मूळ काढून टाकायचं. मग १.०.२ ला दुसरा रस्ता धरावाच लागतो. दहा मिनिटांचं काम. पण सकाळची फाइल गेली नव्हती, फोन येत होते, आणि 'फॉल्स' हा एका शब्दाचा उपाय हाताशी होता. लिहिला. काम सुरू झालं. यूआरएललिब३ दर वेळी 'असुरक्षित विनंती' असा इशारा देत होती, पण आम्ही इशारे लॉगमध्ये येऊ नयेत अशी सोय करून ठेवली होती.

आणि आम्ही ते सेशनवर लिहिलं होतं. म्हणजे बाजारभावाच्या साइटपुरतं नाही, त्या सेशनमधून जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला ते लागू. त्यात संस्थेच्या सर्व्हरवरचं लॉगिनही आलं. दीड वर्षाहून जास्त काळ आमची स्क्रिप्ट रोज पहाटे समोर कोण आहे हे न विचारता पासवर्ड देत होती. वाटेत कुणी उभं राहून 'मीच तो सर्व्हर' म्हटलं असतं, तर तिनं त्यालाही दिला असता. कुणी तसं उभं राहिलं का? तपासायला काहीच उरलं नव्हतं, कारण इशारेही आम्हीच बंद केलेले. पासवर्ड बदलला, संस्थेला फोन करून सगळं सांगितलं. तो फोन सोपा नव्हता. आणि त्याहून ओशाळवाणं म्हणजे ती स्क्रिप्ट आम्ही नमुना म्हणून आणखी काही जणांना दिली होती, त्या ओळीसकट.

तर कॉलेजच्या नेटवर्कचं. अनेक ठिकाणी फायरवॉल एचटीटीपीएसची जोडणी मध्येच उघडते, तपासते, आणि पुढे स्वतःचं प्रमाणपत्र लावते. कॉलेजच्या कॉम्प्युटरांवर त्या फायरवॉलचं मूळ प्रमाणपत्र ब्राउझरसाठी बसवलेलं असतं, म्हणून ब्राउझर तक्रार करत नाही. रिक्वेस्ट्स मात्र सर्टिफायची यादी बघते, आणि त्यात तुमच्या कॉलेजची फायरवॉल कशी असेल? नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून त्या मूळ प्रमाणपत्राची फाइल मागून घ्या. मग 'व्हेरिफाय' ला 'फॉल्स' देण्याऐवजी त्या फाइलचा पत्ता द्या. हो, तिथे पत्ताही चालतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. किंवा 'रिक्वेस्ट्स-सीए-बंडल' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तो पत्ता ठेवा, म्हणजे स्क्रिप्टला हात लावायला नको. पिपसाठी 'डॅश डॅश सर्ट' हा पर्याय आहे. 'ट्रस्टेड होस्ट' वापरू नका. तो पिपचा 'फॉल्स' आहे, आणि तिथे तर आपण चालवायचा कोडच तपासल्याशिवाय आत घेत असतो.

शेवटचा प्रश्न घेऊ: ऑफिसात विंडोज ७ आहे, बदलणार नाहीत, आणि त्या मशीनला इंटरनेट जपूनच दिलंय.

विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८. ३.९ चा इन्स्टॉलर तिथे चालणार नाही, प्रयत्नात वेळ घालवू नका. ३.८ घ्या. त्यासोबतचं ओपनएसएसएल १.१.१ आहे, म्हणजे आमच्यासारखी अडचण येणार नाही. मग इंटरनेट असलेल्या दुसऱ्या मशीनवर 'पिप डाउनलोड' ही आज्ञा वापरा. ती पॅकेजं बसवत नाही, फक्त एका फोल्डरमध्ये उतरवते. तिला सांगा की पायथनची आवृत्ती ३.८ धर, प्लॅटफॉर्म विंडोजचा धर, ६४ बिट की ३२ ते नीट बघून, आणि 'ओन्ली बायनरी' हा पर्याय द्या. तो दिल्याशिवाय दुसऱ्या मशीनसाठी पॅकेजं निवडायला पिप तयार होत नाही. फोल्डरमध्ये पाच फाइली दिसल्या पाहिजेत. चार असतील तर काही तरी राहिलंय. पेनड्राइव्हवरून त्या जुन्या मशीनवर न्या, आणि तिथे 'नो इंडेक्स' व 'फाइंड लिंक्स' हे दोन पर्याय देऊन इन्स्टॉल करा, म्हणजे पिप इंटरनेटकडे न जाता त्या फोल्डरमधूनच घेईल. तो फोल्डर पुसू नका, डिस्क गेली की लागतो.

आणि 'यशस्वी' अशी ओळ आली की चहाला जाण्याआधी एकदा 'इम्पोर्ट रिक्वेस्ट्स' चालवून बघा. मग एखादी खरी एचटीटीपीएस साइट मागवून बघा, 'व्हेरिफाय' ला हात न लावता. पुढच्या वेळी, मूळ ठरल्याप्रमाणे, जोडणी मध्येच तुटली तर पुन्हा किती वेळा आणि किती अंतराने प्रयत्न करायचा ते बघू.